१४ मिलिमीटर आणि ठाण्याचा पावसाळा: एका जिप्सीचं प्रकरण

जुलैच्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळी हिरव्या गाडीवर रंगाचा दुसरा हात मारला आणि पाच मिनिटांत ती माझ्या डोळ्यांदेखत पांढुरकी पडली. द्राक्षांवर भुरी यावी तशी. आधी टपाच्या जागी, मग बॉनेटवर, मग सगळ्या अंगावर. गाडी म्हणजे १/२४ मापाचं मॉडेल. बाहेर पाऊस कोसळत होता आणि दसऱ्याला ती गाडी एका माणसाच्या हातात द्यायची होती.

ही भुरी का आली, तिच्याखाली आणखी काय दडलं होतं आणि त्यातून गाडी कशी बाहेर काढली, ते इथे क्रमाने मांडतोय. आपल्याकडे किट (सुट्या भागांतून जोडायचं प्लास्टिकचं मॉडेल) बांधणारे बरेच जण जून ते सप्टेंबर रंगाला हातच लावत नाहीत. मीही लावत नसे. या वेळी इलाज नव्हता.

काम कसं आलं

वर्तकनगरला आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी मूळच्या चंद्रपूरच्या. त्यांच्या वडिलांनी ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर कित्येक वर्षं सफारीची जिप्सी, म्हणजे मारुतीची उघडी जीप, चालवली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते लेकीकडे ठाण्याला आले. गाडी विकली. आता सकाळ-संध्याकाळ गॅलरीत बसून येऊरच्या डोंगराकडे बघत असतात. जूनमध्ये वहिनी घरी आल्या, माझ्या कपाटातल्या गाड्या बघितल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, बाबांची जिप्सी होईल का हो? दसऱ्याला त्यांना देता येईल."

जिप्सी होईल का, असं त्यांनी विचारलं असतं तर काम सोपं होतं. त्यांनी विचारलं ते बाबांच्या जिप्सीबद्दल. ती गाडी ओळखायला बाबा समोर बसलेले असणार. त्यांनी हजारो वेळा तिचं दार उघडलंय.

वहिनींनी पाच फोटो दिले. त्यातला एक सोन्यासारखा निघाला: मोहर्ली गेटसमोर गाडी बरोबर आडवी उभी, शेजारी बाबा, खांद्यावर दुपट्टा. बाकीच्या चार फोटोंत पर्यटक जास्त आणि गाडी कमी होती, पण मागच्या डाव्या कोपऱ्यावरचा पोचा त्यातल्या दोनांत दिसत होता.

जिम्नीच का

जिप्सीचं किट माझ्या हाती लागत नव्हतं. कपाटात हासेगावा कंपनीचं १/२४ मापाचं सुझुकी जिम्नीचं किट पडून होतं, जेए११ मॉडेलचं. ही जिम्नी १९९० ते १९९५ या काळातली, जपानच्या छोट्या 'के' वर्गातली, ६५७ सीसी टर्बो इंजिनाची. मारुतीने डिसेंबर १९८५ मध्ये आणलेली जिप्सी सुझुकीच्या एसजे४१० या गाडीच्या लांब अवतारावर बेतलेली, सुरुवातीला ९७० सीसीची. इंजिनं वेगळी, पण घराणं एकच. दोघींना चारही चाकांवर पाटे (लीफ स्प्रिंग), दोघींचे पुढचे दिवे गोल, दोघींचं स्टिअरिंग उजवीकडे. शेवटची गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची. युरोपीय किंवा अमेरिकी गाडीचं किट घेतलं की डॅशबोर्ड उलटा करण्यात आठवडा जातो. जपानी किटमध्ये तो वाचतो.

फरक होता मापांत. जिम्नीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर २०३० मिलिमीटर, जिप्सीचं २३७५. फरक ३४५ मिलिमीटर. त्याला २४ ने भागलं की १४.४ मिलिमीटर. एवढी गाडी मधून कापून लांब करायची. एकूण लांबी जिम्नीची ३२९५ आणि जिप्सीची ४०१०, म्हणजे मॉडेलवर जवळपास ३० मिलिमीटरचा फरक. त्यातले १४.४ चाकांच्या मधले. उरलेले बंपरमध्ये आणि मुख्यतः मागच्या चाकामागच्या भागात वाढवायचे. रुंदीत १३९५ आणि १५४०, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर. ते चाकांवरच्या मडगार्डच्या फुगीर कडांतून निघतं.

चाकांचा रिम जिम्नीत १६ इंची, जिप्सीत १५. पण पुढच्या काळातल्या जिप्सीचा २०५/७० टायर आणि जिम्नीचा १७५/८० टायर, दोघांचे बाहेरचे व्यास काढले तर मॉडेलवर पाऊण मिलिमीटरचाच फरक पडतो. चाकं मी किटमधलीच ठेवली. सगळंच बरोबर करायला गेलं की काहीच पूर्ण होत नाही. काय सोडायचं ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून भिंतीला लावावं, हे माझं ठाम मत आहे.

आडव्या फोटोवरून बाकीची मापं त्रैराशिकाने काढली: फोटोत चाकांतलं अंतर इतकं, प्रत्यक्षात २३७५, तर दाराची रुंदी किती? रीत चांगली आहे, पण कॅमेऱ्याच्या जवळ आलेला भाग मोठा दिसतो. म्हणून माजिवड्याच्या एका गॅरेजमध्ये उभी असलेली जिप्सी गाठली. मिस्त्रींनी मला टेप घेऊन गाडीखाली वाकलेला बघितलं आणि विचारलं, "इन्शुरन्सकडून आलात काय?" काय करतोय ते सांगितल्यावर त्यांनी स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं. दाराच्या मागच्या फटीपासून मागच्या चाकाच्या कमानीपर्यंतचं अंतर फोटोवरून काढलेल्या मापापेक्षा चार सेंटिमीटर कमी भरलं. मॉडेलवर पावणेदोन मिलिमीटर. एवढ्या फरकाने गाडी परकी दिसली असती.

कापणी

जिप्सीची वाढीव लांबी दार आणि मागचं चाक यांच्या मधे आहे. म्हणून पहिला काप दाराच्या फटीमागे आठ मिलिमीटरवर आणि दुसरा मागच्या चाकाच्या कमानीमागे. पात्याची बारीक करवत, खाली काच, बाजूला गुण्या. काच अशासाठी की घरातली सगळ्यात सपाट वस्तू तीच असते. कापलेले तुकडे काचेवर ठेवून गुण्याला टेकवले की सरळ बसतात.

कापताना क्रम सांभाळावा लागतो. सफारीच्या जिप्सीला टप नसतो, किटमधल्या जिम्नीला पक्का टप आहे. तो आधी कापला तर डबा उघडा पडतो आणि बाजू आत-बाहेर झुकायला लागतात. म्हणून आधी लांबी वाढवली, सांधे धरू दिले, मग टप उतरवला. हे बरोबर केलं.

चूक पुढे झाली. मधल्या १४.४ मिलिमीटरच्या फटीत मी एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटचा तुकडा बसवला आणि मजबुतीसाठी आतून तेवढाच दुसरा तुकडा पूर्ण पाठीला पाठ लावून चिकटवला. मधे पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचं द्रावण) भरपूर. हे सिमेंट फेविकॉलसारखं चिकटत नाही. ते पॉलिस्टायरीन विरघळवतं, दोन्ही कडा एकमेकींत वितळतात, आणि द्रावक उडून गेला की दोन्हींचं मिळून एकच प्लास्टिक होतं. द्रावकाला उडून जायला वाट मात्र हवी. दोन सपाट तुकड्यांच्या मधे तो कोंडला की आठवडे आतच राहतो. चार दिवसांनी हाताला टणक लागलं, म्हणून मी वरून एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी ओढली, वाळल्यावर आधी ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने घासली, सरफेसर (रंगाआधीचं अस्तर) मारला. बोट फिरवलं, सांधा कुठेच लागला नाही. मला फार आनंद झाला.

मडगार्डच्या कडांसाठी दह्याचे कप वापरले. कपाच्या तळाशी त्रिकोणात ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचंच भावंड, त्याच सिमेंटने वितळतं. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, त्यावर हे सिमेंट काही करत नाही. कपाची भिंत मुळातच वळलेली असते, कमानीला अलगद बसते.

भुरी

त्या रविवारी टेबलावरचं आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत होतं, तापमान २८ अंश. रंग गॅरेजवाल्यांचा लॅकर (भराभर सुकणारा रंग), त्यात नेहमीचा एनसी थिनर. पहिला हात बरा गेला. दुसऱ्या हाताला पांढरं आलं.

घाबरून मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही चुकल्या. रंग फार पातळ झाला असेल म्हणून आणखी जाड हात मारला, पांढरेपणा वाढला. मग केस वाळवायचं यंत्र धरलं. पृष्ठभाग कोरडा झाला आणि पांढरेपणा आतच बसला.

दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केल्यावर कारण सापडलं. ते आपल्या सगळ्यांच्या घरात रोज दिसतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो. हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. लॅकरचा थिनर भराभर उडतो आणि उडताना अंगावरची उष्णता घेऊन जातो, हातावर स्पिरिट घेतल्यावर गार लागतं तसं. गाडीचं अंग क्षणभर आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतं. आता हिशेब बघा: २८ अंशांच्या हवेत आर्द्रता ८८ टक्के असेल तर दव धरायला सुरुवात होते सुमारे २६ अंशांना. दोन अंश उतरले की संपलं. तेवढं तापमान थिनर सहज उतरवतो. त्याच २८ अंशांना आर्द्रता ६० टक्के असती तर दव धरलं असतं साडेएकोणीस अंशांना, आणि साडेआठ अंशांची सवड मिळाली असती. हिवाळ्यात ठाण्यात हाच रंग, हाच थिनर, हाच हात बिनतक्रार चालतो तो यामुळे.

दवाचे सूक्ष्म थेंब ओल्या रंगात अडकतात, तिथे रंगातला राळेचा भाग नीट एकसंध बसत नाही, बारीक पोकळ्या राहतात आणि त्यांच्यावर उजेड विखुरतो. हिरवा रंग तसाच असतो, आपल्याला दिसतं पांढरं. म्हणजेच रंग खराब झालेला नसतो. तो परत सैल करून सावकाश वाळू दिला तर पोकळ्या मिटतात.

माजिवड्याच्या मिस्त्रींना फोन केला. त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. "पावसात थिनरमध्ये रिटार्डर टाकायचा असतो दादा. आम्ही जून लागला की डबाच काढून ठेवतो." रिटार्डर म्हणजे हळू उडणारा थिनर. मोठ्या गाड्यांचे रंगारी जे वर्षानुवर्षं करतात ते आपण लहान गाड्यांवाल्यांनी विचारायचंच राहून जातं.

नुसता रिटार्डर थिनर एअरब्रशने (हवेच्या दाबाने बारीक फवारा मारणाऱ्या पेनाने) हवेसारखा हलका गाडीवर सोडला. हिरवा रंग खालून वर आला, पाटीवर ओला फडका फिरवल्यावर काळेपणा परत येतो तसा. दहा मिनिटांत बॉनेट चकचकीत झालं. मी बायकोला हाक मारली.

तिनेच दाखवलं. "ही रेघ कसली?"

भुरीच्या खाली

दाराच्या मागे वरपासून खालपर्यंत नखाने ओढल्यासारखी एक रेघ. सरळ बघितलं तर दिसत नव्हती, दिव्याचा उजेड तिरका पडला की दिसत होती. त्यापुढे १४ मिलिमीटरवर दुसरी. बोटाला लागत नव्हती, पण चकाकीला लागत होती. भुरीने ती इतके दिवस झाकून ठेवली होती.

पाठीला पाठ लावलेल्या त्या दोन तुकड्यांच्या मधला द्रावक अजून बाहेर येत होता. तो बाहेर पडत जाईल तसं तिथलं प्लास्टिक खाली बसत होतं. वरची पुट्टीही द्रावकाचीच, तीही आक्रसत होती. मी चार दिवसांनी सपाट केलेला पृष्ठभाग चौथ्या आठवड्यात सपाट राहिला नव्हता, आणि आठव्या आठवड्यात आणखी बसला असता.

या टप्प्यावर एक मोह होता. गाडी ताडोब्याची. उन्हाळ्यात तिच्यावर बोटभर धूळ असते. दाराच्या मागे धूळ जरा जास्त मारली की रेघ गडप. फोटोत कुणाला कळलं नसतं. धुळीचा आणि गंजाचा थर चढवून मॉडेलमधले दोष झाकणं हा आपल्या छंदातला फार पसरलेला रोग आहे आणि मला तो मनापासून नावडतो. इथे तर दुसरंही कारण होतं: बाबांच्या गाडीवर त्यांनी स्वतः पाडलेला पोचा येणार होता. त्याच अंगावर माझ्या घाईची खूण राहू द्यायची नव्हती.

रंग उतरवायचं ठरवलं. प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ब्रेक ऑइल, त्यात गाडीचा डबा एक दिवस बुडवून ठेवला. ब्रेक ऑइल रंग सोडवतं आणि पॉलिस्टायरीनला सहसा धक्का लावत नाही. तरी आधी चौकटीच्या (किटचे भाग जिला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर करून बघावं, काचेच्या पारदर्शक भागांना तर लावूच नये. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. जुन्या दातांच्या ब्रशने घासल्यावर रंग सालीसारखा निघाला. पुट्टीही मऊ होऊन निघाली आणि उघडा सांधा समोर आला. करवतीच्या टोकाने आतला दुसरा तुकडा उचकटला तर मधलं प्लास्टिक अजून चिकट होतं. महिना होत आला होता.

नव्याने बांधताना आतून पूर्ण तुकडा लावला नाही. दोन्ही सांध्यांच्या मागे चार-चार मिलिमीटरच्या पट्ट्या लावल्या, त्याही तुकड्या-तुकड्यांनी, मधे हवा खेळायला जागा ठेवून. पुट्टीऐवजी किटच्याच चौकटीचे कतरे सिमेंटच्या बाटलीत विरघळवून घट्ट खळ केली आणि ती सांध्यात भरली. हीच खळ वाळल्यावर गाडीइतकीच टणक होते, घासताना पुट्टीसारखी आधी झिजत नाही. मग तारीख लिहून गाडी कपाटात ठेवली. ८ ऑगस्ट. तीन आठवडे हात लावायचा नाही.

तीन आठवड्यांत

गाडी थांबली तरी काम थांबलं नाही, आणि खरं सांगायचं तर या तीन आठवड्यांतच ती बाबांची झाली.

सफारीच्या जिप्सीत मागे एकापेक्षा एक उंच अशा बाकांच्या रांगा असतात, सहा पर्यटक बसतात, आणि धरायला लोखंडी पाइप. एक इंची पाइप १/२४ मापात एक मिलिमीटरचा होतो. घरात जुन्या वायरिंगची एकतारी वायर होती, १ चौरस मिलिमीटरची. तिच्या तांब्याचा व्यास १.१३ मिलिमीटर भरतो. वरचं प्लास्टिक सोललं, एक टोक पकडीत घट्ट धरलं, दुसरं टोक पक्कडीने धरून जोराने ओढलं. तार किंचित लांबते, काठीसारखी सरळ होते आणि थोडी कडकही. वाकवायची ठिकाणं पेन्सिलवर वळवली, सांध्यांना झाळ दिला.

पोच्याची गोष्ट मी बाबांकडूनच काढून घेतली, काय चाललंय ते न सांगता. वाघीण दोन पिल्लांसह रस्त्यात येऊन बसली, मागे दुसऱ्या गाड्या. "रिव्हर्स घेतली अन् सागाच्या खुंटाले लागली," बाबा म्हणाले. "आवाज झाला तं तिनं कानच टवकारले. मी इंजिन बंद केलं. अर्धा तास कोनी हाललं नाही." मागचा डावा कोपरा, बंपरच्या वर, तळहाताएवढा. तळहात म्हणजे मॉडेलवर चार मिलिमीटर. तेवढ्या जागी आतून प्लास्टिक घासून कागदासारखं पातळ केलं, चहाच्या चमच्याची पाठ गरम पाण्यात धरून बाहेरून टेकवली. तीनदा टेकवली. चौथ्यांदा टेकवली असती तर भोक पडलं असतं.

वहिनी माहेरी जाऊन आल्या तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत मोहर्लीच्या रस्त्याची मूठभर माती घेऊन आल्या. माती खरी असली तरी गाडीवर खोटी दिसते. अर्ध्या मिलिमीटरचा कण या मापात १२ मिलिमीटरचा खडा होतो. धूळ दिसायला हवी आणि गाडी वाटते खडीच्या ट्रकमागे उभी असल्यासारखी. माती उन्हात वाळवली, खलात घोटली, मलमलच्या दुहेरी कापडातून गाळली. मुठीतून चमचाभर पीठ निघालं. तेवढं पुरून उरलं.

दुसऱ्यांदा रंग

आमच्या आजीच्या कपाटात पावसाळाभर एक झिरोचा बल्ब पेटता असायचा, शालूंना बुरशी येऊ नये म्हणून. मी तेच केलं. लाकडी फडताळाच्या खालच्या कप्प्यात १५ वॅटचा बल्ब, वरच्या कप्प्यात गाडी, मधे भोकं असलेला पत्रा. कप्प्यात ३७ अंश तापमान आणि ५३ टक्के आर्द्रता. बल्ब हवेतलं पाणी काढून घेत नाही, दव धरायची पातळी तीच २६ अंशांच्या आसपास राहते. पण गाडीचं अंग ३७ अंशांवर असेल तर तिथपर्यंत उतरायला ११ अंशांची घसरण लागते. त्यात रिटार्डर असला की थिनर तेवढा उतरवूच शकत नाही. ५० अंशांच्या वर मात्र नेऊ नये, पातळ भाग वाकायला लागतात.

गणपतीच्या दिवसांत एका दुपारी पावसाने उघडीप दिली, मापक ७४ वर आलं. गाडी फडताळातून काढायची, खिडकीपाशी एक्झॉस्टसमोर एक पातळ हात मारायचा, मिनिटाच्या आत संपवायचं. मग वीस मिनिटं तिथेच मोकळ्या हवेत. ओल्या लॅकरची वाफ पेट घेते, ती बल्बच्या बंद कप्प्यात कोंडायची नाही. हे घरच्या माणसांनाही सांगून ठेवलं होतं. वास गेल्यावर परत फडताळात. एअरब्रशचा दाब १५ पीएसआय, आणि कंप्रेसरच्या नळीवरच्या पाणी धरणाऱ्या बाटलीतलं पाणी दर दोन हातांनी काढायचं. पाच हात, दोन दुपारी. भुरी आली नाही.

हिरव्यात मी थोडा पांढरा आणि पिवळा मिसळला होता. दीड फुटावरून बघितलेलं १/२४ चं मॉडेल म्हणजे ३६ फुटांवरची खरी गाडी. तेवढ्या अंतरावरून रंग जरा फिका, मवाळ दिसतो. डब्यातला जसाच्या तसा हिरवा मारला तर गाडी खेळण्यातली वाटते.

मातीचं पीठ अल्कोहोलमध्ये कालवून बारीक कुंचल्याने लावलं: चाकांच्या कमानीत, मागच्या फळकुटावर, पायदानावर, बाकांखालच्या खोबणीत. दाराच्या मागचा तो पट्टा जवळजवळ कोरा ठेवला. पिवळ्या नंबरप्लेटवर काळी अक्षरं, एमएच ३४.

दसरा

सकाळी वहिनींनी पाट मांडला, गाडीला हळदीकुंकू वाहिलं. झेंडूच्या फुलाचा हार तिला पेलला नसता, म्हणून सुईदोऱ्यात सुट्या पाकळ्या ओवून बॉनेटवर घातल्या. बाबांना आतून बोलावलं.

त्यांनी गाडी दोन्ही हातांत घेतली. बराच वेळ काही बोलले नाहीत. रंग बघितला नाही, बाक बघितले नाहीत, ज्या सांध्यापायी माझे दोन महिने गेले त्यावरून नजर सरळ पुढे गेली. गाडी फिरवत फिरवत त्यांचा अंगठा मागच्या डाव्या कोपऱ्यावर आला आणि तिथेच थांबला.

"हे तं माहीच गाडी हाय."

मग डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "डाव्या आरशाले दुपट्टा बांधून राहे माह्या. तो नाही दिसत." आडव्या फोटोत दुपट्टा त्यांच्या खांद्यावर होता, म्हणून गाडीवर तो असेल हे मला सुचलंच नव्हतं. संध्याकाळी गाडी परत वर आणली, मलमलच्या त्याच कापडाची दोन मिलिमीटरची चिंधी फाडली, चहाच्या पाण्यात बुडवून आरशाला गाठ मारली. रात्री खाली नेऊन दिली.

जानेवारीत वहिनींकडे गेलो तेव्हा टॉर्च तिरका धरून दाराच्या मागचा भाग बघितला. पाच महिने झाले, रेघ नाही. पुढच्या काचेच्या चौकटीची डावी दांडी मात्र केसभर बाहेर झुकली आहे. टप उतरवल्यावर तिला आतून आधार उरला नाही. तिथे मी नुसतं प्लास्टिक ठेवलं, पितळी तार घालायला हवी होती. बाबांनी गाडी गॅलरीत, त्यांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवली आहे. सकाळी दोन तास तिथे ऊन येतं. उन्हाळ्याआधी ती दांडी उतरवून तार बसवून देतो, असं त्यांना सांगून ठेवलंय. दोन दिवस लागतील म्हटलं, तर म्हणाले, एका दिवसात होत असेल तर बघा.